कोरडा खडक की जिवंत?

मोहर्लीला समुद्र नाही. गावाशेजारी पसरलेले इरई धरणाचे विस्तीर्ण पाणी गोडे; आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला दारातच खारे पाणी होते, तसे येथे नसल्यामुळे प्रवाळपेटीची हौस करणाऱ्याला शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार कालवून आपला समुद्र घरीच सिद्ध करावा लागतो. परंतु ताडोबाच्या या वेशीवर वनखात्याच्या दप्तरी वाघाचे रक्षण करणारा जो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याच्याच पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक रचणारे सारे प्रवाळही दाखल आहेत, हे त्या हौशी माणसाच्या कानी क्वचितच आलेले असते. आणि ‘लाइव्ह रॉक घेऊ की ड्राय रॉक?’ हा सवाल तो केवळ रुचीचा व खर्चाचा समजून विचारतो.

वास्तविक लाइव्ह रॉक म्हणतात तो खडक स्वतः जिवंत नसतोच. तो मृत प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा. जिवंत असते ती त्याच्या अंगावरची नि अंतरंगातली वस्ती. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे पृष्ठभागावरचे जिवाणू प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि जेथे प्राणवायू पोचत नाही अशा आतल्या छिद्रांतले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये असा खडक पेटीत ठेवण्याची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा समुद्र त्यांच्या हाकेच्या अंतरावर होता.

आमच्याकडे तो नाही. एका स्नेह्याने कायद्याची वार्ता नसताना मागवलेला लाइव्ह रॉकचा थर्माकोलचा खोका उघडला गेला, तेव्हा मी हजर होतो. ओल्या वर्तमानपत्रांची गुंडाळी सुटताच नासक्या अंड्याचा दर्प खोलीभर पसरला. खडकावरचे शैवालाचे गुलाबी कवच पांढरे पडले होते, आणि एका भोकात नखाएवढा खेकडा पाय आखडून मेलेला होता. असा खडक पेटीत गेला की त्यावरचे कुजणारे जीवच अमोनिया ओकू लागतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या मुलखात, पाणी २५-२६ अंशांवर राखणारे यंत्र वीज जाताच थांबले की उरलासुरला प्राणवायूही आटतो. शिवाय पहिल्या अनुसूचीतील जिवाच्या गुन्ह्यास किमान ३ वर्षांचा कारावास, आणि प्रवाळ मेलेला होता ही सबब त्यात चालत नाही.

तेव्हा कोरडा खडक. चंद्रपूर जिल्ह्याच्या भूमीत चुनखडी विपुल आहे. पृथ्वीवर प्राणी अवतरण्यापूर्वीच्या समुद्राचा तो गाळ, ज्याच्यावर येथील सिमेंटचे कारखाने चालतात. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा, म्हणजे फसफस होऊन चुन्याची साक्ष पटते. मात्र ती घट्ट व जड असल्याने आतल्या जिवाणूंना घर मिळत नाही, आणि अभयारण्यातला खडा उचलण्याची तर मुभाच नाही. म्हणून मी सिमेंट, शिंपल्यांचा चुरा व जाडे मीठ कालवून खडक ओततो. मीठ विरघळले की छिद्रे पडतात. सिमेंटचा चुना उतरेपर्यंत कित्येक आठवडे गोडे पाणी बदलीत राहावे लागते, हाच काय तो जाच.

पुढे पेटीत कोलंबीचा एक तुकडा कुजत ठेवावा, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा महिना-दीड महिना, एकही मासा सोडू नये. नंतर तपकिरी शेवाळी थर चढतो. पेटी त्या दिवसांत अगदी कळकट दिसते, आणि पुष्कळांचा धीर तेथेच सुटतो. माझ्या पेटीत आठव्या महिन्यात, एका समुद्री गोगलगाईच्या शंखावरून उतरलेला, मसुरीच्या डाळीएवढा त्याच शैवालाचा जांभळट ठिपका त्या सिमेंटवर प्रथम उमटला.