गॅसचा गिझर कुठे बसवावा

गॅस गिझर हे पाणी साठवून तापवणारे यंत्र नाही. त्याच्या पोटात टाकी नसते. असते ती तांब्याची नळी, तिच्याभोवती तांब्याचे पातळ पत्रे आणि खाली बर्नर. नळ उघडला की आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब एका रबरी पडद्याला ढकलतो, पडदा गॅसची झडप उघडतो आणि त्याच क्षणी बॅटरीवर चालणारी ठिणगी बर्नर पेटवते. नळ बंद झाला की दाब जातो, झडप मिटते, ज्योत विझते. विजेची जोडणी लागत नाही, दोन साध्या सेलवर काम भागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पहाटे वीज असेलच असे नाही, म्हणून हे यंत्र तिथे लवकर रुजते.

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पण वर्धा आणि वैनगंगा यांच्यामध्ये वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि नदीकाठच्या गावांवर सकाळी उशिरापर्यंत धुके असते. खोली उबदार करण्याची गरज इथे सहसा पडत नाही, अंगणातली शेकोटी पुरते.  गोंडपिपरीकडे गॅसचा हीटर घरात येतो तो आंघोळीच्या पाण्यासाठी.

त्याआधी हे काम चुलीचे किंवा बंबाचे होते. हिशेब केला तर एक बादली, म्हणजे १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साध्या चुलीवर पाऊण ते एक किलो सुके लाकूड जळते, कारण चुलीतली बहुतेक उष्णता धुरासोबत आणि बाजूने निघून जाते. चार माणसांच्या घरात चार बादल्या धरल्या तर हिवाळ्याच्या तीन महिन्यांत तीन क्विंटल सरपण निव्वळ आंघोळीवर जाते. ते जंगलातून आणावे लागते, आणि हा जिल्हा वाघांचा आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरही वाघ फिरतात. सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी जंगलात गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या इथे नवीन नाहीत. वनविभागाने जंगलाकाठच्या गावांना अनुदानावर गॅस जोडणी देण्यामागे हेही एक कारण होते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती जोडणी आणखी घरांत नेली. तेच पाणी गॅस गिझरवर तापवले तर बादलीमागे सुमारे ४० ग्रॅम गॅस लागतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास बादल्या, चार माणसांचा एक हिवाळा.

हिशेब गिझरच्या बाजूने आहे. धोका आहे तो जागेत.

गॅस जळायला हवा लागते, आणि ती किती लागते याची सहसा कल्पना नसते. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी साडेबारा घनमीटरच्या आसपास हवा खर्ची पडते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर याच्या कितीतरी कमी जाळतो, म्हणून शेगडीचा अनुभव इथे कामाचा नाही. चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि सात फूट उंच न्हाणीत सगळी मिळून चार घनमीटर हवा असते. दार लावून, थंडी म्हणून खिडकीला पोते किंवा प्लास्टिक ठोकून त्यात गिझर दहा मिनिटे चालवला, तर न्हाणीतल्या निम्म्या हवेइतकी हवा ज्योतीला लागलेली असते. दहा मिनिटे म्हणजे चार बादल्या. घरातली माणसे एकामागून एक आंघोळीला गेली तर आधीच्यांनी जाळलेल्या गॅसचे फळ शेवटच्याच्या वाट्याला येते.

हवा पुरेशी असताना गॅसपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. प्राणवायू कमी पडू लागला की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड बनू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. तो ज्योतीत जळून जातो, त्यामुळे नाक या विषाची सूचना देऊ शकत नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते आणि दाराची कडी काढण्याआधीच माणूस खाली बसतो. गरम पाण्याच्या वाफेने घेरी आली असेल, असे बाहेरच्यांना वाटते आणि त्यात मोलाची मिनिटे जातात.

जुन्या घरात हा प्रश्न फारसा नव्हता, आणि त्याचे श्रेय कोणाच्या शहाणपणाला नाही. कुडाच्या भिंती, कवेलूचे छप्पर, अंगणात बांबूच्या तट्ट्याने आडोसा केलेली न्हाणी, या सगळ्यांतून वारा खेळत असे. घरकुल योजनांमधून झालेली घरे विटा-सिमेंटची असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्याला जोडून न्हाणी बांधताना जागा आणि पैसा दोन्ही वाचवायचे असतात, म्हणून ती लहान होते, तिच्यावर स्लॅब पडतो, दार लोखंडी पत्र्याचे घट्ट बसणारे येते. घर पक्के झाले तशी हवा कोंडली. गिझर नेमका याच घरात येतो.

म्हणून पहिला नियम आणि निम्म्याहून जास्त काम: गिझर न्हाणीच्या आत बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, पडवीत किंवा छपराच्या वळचणीखाली बसवावा आणि फक्त गरम पाण्याची नळी भिंतीतून आत न्यावी. भिंत विटांची हवी. कूड किंवा तट्टा असेल तर त्यापासून अंतर ठेवून विटांचा छोटा खांब उभारावा, कारण गिझरच्या माथ्यातून निघणारा वायू चांगलाच गरम असतो. वर लाकडी वासा किंवा प्लास्टिकचे छत जवळ नको. न्हाणीची झरोक्याची खिडकी अगदी गिझरच्या वर येत असेल तर जागा बदलावी, नाहीतर बाहेर ठेवलेला गिझर आतच श्वास सोडेल. न्हाणीत हवा बाहेर फेकणारा पंखा असला तर ही खबरदारी दुप्पट, कारण तो पंखा जी हवा आत ओढतो ती कुठून तरी येतेच. थंड देशांतल्या चांगल्या हीटरना दुहेरी नळी असते: एकीने बाहेरची हवा थेट बर्नरला मिळते, दुसरीने जळालेला वायू घराबाहेर जातो, खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गिझरना अशी नळी नसते. जी सोय यंत्रात नाही ती जागेने करायची.

बाहेर गिझर ठेवण्याला इथे एक अडचण आहे, ती वानरांची. टोळी कवेलूवरून किंवा टिनांवरून उड्या मारत आली की लोंबणारी कोणतीही नळी ओढली जाते. भोवती जाळीचा पिंजरा करावा, पण पत्र्याची बंद पेटी करू नये. वारा लागून ज्योत विझते म्हणून काही ठिकाणी तीन बाजूंनी पत्रा ठोकतात. तो आडोसा खाली आणि वर मोकळा राहिला तरच चालेल.

सिलिंडरची जागा वेगळी आणि सपाट असावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यातला प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळला तर तो वर जात नाही, जमिनीवर पसरून खोलगट जागेत साचतो. त्यामुळे सिलिंडर खड्ड्यात, सांडपाण्याच्या नालीला लागून किंवा पायऱ्यांखालच्या कोनाड्यात ठेवू नये. तो नेहमी उभा असावा, आडवा केला तर नळीत द्रव गॅस शिरतो. दुपारचे थेट ऊन आणि शेकोटीची आच दोन्ही टाळावीत. हिवाळ्यात गॅस गोठेल ही भीती मात्र निराधार आहे. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तेव्हा दहा अंशांच्या पहाटेतही मिश्रणाची वाफ होत राहते. फार वेळ जोरात गॅस ओढला तर सिलिंडर गार पडून ज्योत मंदावते, इतकेच. त्यावर गरम पाणी ओतण्याचा किंवा शेजारी विस्तव ठेवण्याचा उपाय कोणी करू नये.

स्वयंपाकघरातल्या सिलिंडरलाच टी जोडून एक नळी गिझरला नेण्याची पद्धत सर्रास दिसते. ती चुकीची आहे. रबरी नळीला जोड किंवा फाटा देऊ नये, एका रेग्युलेटरवर एकच उपकरण असावे. गिझरसाठी वेगळा सिलिंडर हवा आणि तो कोणत्या जोडणीखाली मिळेल हे वितरकाकडून ठरवून घ्यावे. नळी भारतीय मानक चिन्हाची, तारेच्या आवरणाची सुरक्षा नळी असावी, दीड मीटरपेक्षा लांब नसावी. तिच्यावर छापलेली मुदत पाहावी आणि पाच वर्षांनी ती बदलावी. साधी हिरवी नळी उंदीर कुरतडतात; धान्याची कणगी जवळ असेल तर लवकरच. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर चाचणीची तारीख अक्षर आणि वर्षाने लिहिलेली असते: ए ते डी ही इंग्रजी अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवतात. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

पाण्याची बाजू अनेकदा नंतर आठवते आणि तिथेच गाडी अडते. पडदा हलण्यासाठी पाण्याला किमान दाब लागतो. बऱ्याच गिझरना टाकी नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवी असते. घरकुलाच्या स्लॅबवर थेट ठेवलेली पाचशे लिटरची टाकी इतकी उंची देत नाही, मग नळ सोडला तरी ठिणगी उडत नाही. टाकीखाली विटांचा चबुतरा चढवणे, नळी जाड घेणे, वळणे कमी करणे हे उपाय. कमी दाबावर चालणारे गिझरही मिळतात, खरेदीआधी विचारावे. राजुरा-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर उभे आहेत तशी जमीन असेल तिथले बोअरचे पाणी जड असते. तांब्याच्या नळीत थर साचतो, धार बारीक होते, पाणी अवाजवी गरम येते. असा गिझर मधूनमधून जाणकाराकडून आतून धुऊन घ्यावा लागतो.

जोडणी झाल्यावर पेटवण्याआधी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून पाहणे हा शोध नव्हे, अपघाताचे आमंत्रण आहे. मग पाणी सोडून ज्योत पाहावी. ती निळी आणि आवाज न करता जळणारी असावी. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नरला हवा पुरत नाही. तसा गिझर त्या दिवशी वापरू नये. ज्योत विझताच गॅस तोडणारी आणि पाणी थांबल्यावर ज्योत बंद करणारी झडप घरच्यांनी स्वतः तपासून घ्यावी. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, विजेचे बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

न्हाणीत कोणी बेशुद्ध सापडले तर आधी दार सताड उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. कोरोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड धरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि पडद्यावर ९८ दिसते. खरा उपाय रुग्णालयातला प्राणवायू. साध्या हवेत रक्तातले विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर एक ते दीड तास. चंद्रपूर गोंडपिपरीहून पन्नासेक किलोमीटर आहे, तेव्हा माणूस शुद्धीवर आला म्हणून वाट पाहत बसू नये. रुग्णवाहिकेत प्राणवायू लावूनच न्यावे.

होळीनंतर या भागात गरम पाणी कोणी मागत नाही. तेव्हा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावावे, नळीतले पाणी सोडून द्यावे आणि सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते आतच पाझरतात. सात-आठ महिने बंद राहिलेल्या बर्नरच्या छिद्रांत कुंभारीण माशी मातीचे घर करते, कोळी जाळे विणतो. हवेची वाट त्यामुळे अडते आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा पेटवलेली ज्योत पिवळी येते. म्हणून हंगामाची सुरुवात बर्नर उघडून, कोरड्या ब्रशने साफ करून आणि साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा एकदा घेऊन करावी.