जुना टीव्ही गेला कुठे? प्रश्नावली बनवण्याआधी एवढं वाचा

समजा, तुम्ही विषय घेतलाय: मुंबईतली कुटुंबं नको असलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काय करतात? प्रश्नावलीतला पहिला प्रश्न सहज सुचतो: ‘गेल्या वर्षभरात तुम्ही कोणती वस्तू टाकून दिलीत?’ बरेच जण म्हणतील, ‘काहीच नाही.’ आणि ते खोटं बोलत नसतील.

कारण आपल्याकडे अशी वस्तू सहसा ‘टाकत’ नाहीत. बंद मोबाइल कपाटात पडून राहतो, फ्रिज एक्स्चेंजमध्ये जातो, मिक्सर भंगारवाला नेतो. आणि चालू स्थितीतला टीव्ही? तो बऱ्याचदा गावच्या घरी जातो. चिपळूण तालुक्यातल्या पोफळीसारख्या गावी चाकरमान्याने टीव्ही नेला, तर मुंबईच्या हिशेबात तो ‘गेला’, पण पोफळीच्या हिशेबात ‘आला’. त्याचा कचरा होईल तो तिथे, काही वर्षांनी.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. तुमचा तक्ता मुंबईपाशीच थांबला, तर संकलन केंद्रंही तुम्ही मुंबईतच सुचवाल.

२०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम उत्पादकांवर जबाबदारी टाकतात. पण घरातल्या माळ्याची आणि गावच्या घराची नोंद त्यात कुठून येणार?

मग करायचं काय? माणसाच्या सवयीऐवजी वस्तूचा प्रवास विचारा. वस्तूलाही चरित्र असतं, ही मांडणी इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ च्या एका निबंधात केली. ती इथे थेट वापरता येते: ‘आत्ताच्या टीव्हीआधीचा टीव्ही आज कुठे आहे? कुणाला दिला? अजून चालतो का?’ ठेवला, दिला, विकला, बदलून घेतला, माहीत नाही, असे वेगळे रकाने करा. कारणही लिहा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात भिजलेला फ्रिज आणि हौसेने बदललेला फ्रिज एकाच रकान्यात बसत नाहीत.

आधी पाच घरांत दोन्ही प्रश्न विचारून बघा. उत्तरांत फरक पडला, तर व्याख्येचं प्रकरण पुन्हा लिहायला घ्या. नमुना किती घरांचा, ते त्यानंतर ठरवा.