धातूचा मळ आणि स्वस्त अभिवाह

धातू वितळू लागला की दुधावर साय धरावी तसा त्याच्या पृष्ठभागावर एक करडा थर जमतो. तो केर समजून पळीने काढून टाकण्याकडे सहज प्रवृत्ती होते. परंतु त्यात केर किती आणि धातू किती, हे न पाहता तो टाकणे तोट्याचे ठरते. मळ व धातू वेगळे करण्यास साह्य करणाऱ्या द्रव्याला ‘अभिवाह’ म्हणतात. अभिवाह महाग असावा लागत नाही. मात्र तो योग्य असावा लागतो.

छत्तीसगढमधील भिलाई येथे याचे भव्य उदाहरण पाहावयास मिळते. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा येथील लोहखनिजाबरोबर सिलिका व ॲल्युमिना ही अशुद्ध द्रव्येही भट्टीत येतात. सिलिका सुमारे १,७०० अंश सेल्सियसला वितळते. चुना त्याहूनही कितीतरी अधिक तापमानाला. तथापि दोहोंचा संयोग झाला की भट्टीच्या उष्णतेत पातळ होणारी मळी तयार होते आणि लोखंडापेक्षा हलकी असल्यामुळे ती वर तरंगते. एवढ्यासाठी भट्टीत घालतात ती नंदिनीच्या खाणीतली चुनखडी व हिर्री येथील डोलोमाइट. दोन्ही साधे दगडच. निघालेली मळी सिमेंट बनविण्यासही उपयोगी पडते.

मात्र भट्टीतला हा उपाय लहान कढईत लागू पडत नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते. त्या उष्णतेत चुनखडी दगडच राहते. सोनाराचा टाकणखार निर्जल झाल्यावर सुमारे ७४० अंशांना वितळतो. म्हणून तो सोन्यावर गुणकारी, शिशावर मात्र बहुधा निरुपयोगी. कल्हईवाल्याचा नवसागर तापल्यावर विघटन पावतो आणि त्यातून सुटणारा आम्लवायू तांब्या-पितळेचा पृष्ठभाग स्वच्छ करतो. ज्या तापमानाला धातू ओतावयाचा, त्या तापमानाला अभिवाह कार्यक्षम असला पाहिजे, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम मळाच्या स्वरूपाविषयीचा. शिशात कथील मिसळलेले असेल, तर हवेशी संयोग होऊन प्रथम कथिलाचेच ऑक्साइड बनते. वरचा थर खरवडून टाकणारा माणूस अधिक महागडा धातूच फेकून देत असतो. येथे मळी बनविणारा दगड नको, तर ऑक्सिजन काढून घेणारा कार्बनयुक्त पदार्थ हवा. मेणबत्तीचे तुकडे, राळ, लाकडाचा कोरडा भुसा ही घरगुती द्रव्ये हे काम करतात. ती घालून रस ढवळला असता ऑक्साइडाचा काही भाग पुन्हा धातुरूप होतो, थरात अडकलेले धातूचे थेंब सुटे होतात आणि भुकटीसारखा खरा केर तेवढा उरतो.

हा स्वस्तपणा सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र उपयोगाचा नाही. ओलसर भुसा ढवळताना रसाखाली गेला, तर पाण्याची एकाएकी वाफ होऊन तप्त शिसे चोहीकडे उडते. मेणाचा धूर पेट घेतो. शिशाची धूळ शरीरात साठत जाते व मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात वा स्वयंपाकाच्या भांड्यात कधीही करू नये. काढलेला केरही झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा, कारण त्यातही शिसे असतेच.