घरच्या कॉकपिटची पहिली मांडणी

फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर मोफत आहे. एक्स-प्लेन विकत घेण्याआधी त्याची डेमो आवृत्ती वापरून बघता येते. महागडं योक आणि पेडल लगेच घेऊ नका. मूठ डावी-उजवीकडे पिळता येणारी साधी यूएसबी जॉयस्टिक पुरते. त्या पिळण्यातूनच रडर चालतो. जोडल्यावर आधी कॅलिब्रेशन करा. स्टिकला हात न लावताही विमान एका बाजूला कलत असेल, तर ‘डेड झोन’ किंचित वाढवा.

विमान सेस्ना १७२ निवडा, जेट नको. वारा शून्य, वेळ सकाळची. पूर्ण थ्रॉटल दिला की विमान डावीकडे ओढू लागतं. उजवा रडर देऊन धावपट्टीची मधली रेघ धरा. वेग ५५ नॉटच्या आसपास आला की स्टिक हलकेच मागे घ्या. वर गेल्यावर पहिल्यांदा ट्रिम शिका. स्टिक सतत ओढून धरावी लागत असेल, तर ट्रिम जुळलेला नाही. माझ्या मते नवशिक्यांची निम्मी दमछाक इथेच होते.

सरावाला जुहूचा विमानतळ जरूर घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले होते.