स्वरयंत्र गेले तरी बोलता येते

असीरगडाच्या पायथ्याच्या खेड्यांपासून बुऱ्हाणपुरातील मागांपर्यंत तंबाखू आणि विडी कोठे नाही? म्हणून घशाचा कर्करोग हा विषय आपल्या कुटुंबांना परका मानून चालणार नाही. रोग फार पसरलेला असल्यास जीव वाचविण्यासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. व्हिएन्नाच्या बिलरोथ या शल्यविशारदांनी १८७३ साली कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी ती आज नित्याची आहे.

त्यानंतर श्वास नाकाने नव्हे, तर मानेवरील छिद्रातून चालतो. फुप्फुसातील हवा तोंडापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आवाज नाहीसा होतो; जीभ, ओठ व दात मात्र शाबूत असतात. उणीव असते ती फक्त कंपनाची.

ती भरून काढण्याचा जुना मार्ग म्हणजे हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात घेऊन ढेकरेप्रमाणे परत सोडणे. याला पैसा लागत नाही, परंतु महिनोन्महिने सराव लागतो, आणि एका दमात चारपाच शब्दच निघतात. गळ्याला लावून धरण्याचे विजेरीवरील यंत्रही मिळते. त्याचा स्वर एकसुरी असतो, पण नड भागते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सिंगर व ब्लॉम यांनी श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसविण्याची छोटी झडप प्रचारात आणली. मानेवरील छिद्र बोटाने झाकले की फुप्फुसाची हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, आणि वाक्य लांब व स्पष्ट येते. परदेशी झडपेस हजारो रुपये पडतात, बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांची ‘ओम’ झडप तयार केली, हे आपल्याकडील गरिबांच्या दृष्टीने मोठेच काम होय. झडप रोज ब्रशाने साफ करावी. पाणी पिताना ठसका लागू लागला तर ती गळते आहे असे समजून डॉक्टरांस दाखवावे.

आता आवाज सुधारण्याविषयी. जोर लावला की गळ्याचे स्नायू आवळतात आणि आवाज अधिकच घोगरा होतो. म्हणून सावकाश बोलावे, तोंड नीट उघडावे. स्नायू फारच आवळत असतील तर त्यावर इंजेक्शनाचा किंवा लहानशा शस्त्रक्रियेचा उपाय आहे. उलट आवाज सैल, वाऱ्यासारखा येत असेल तर मानेवर बोटाने हलका दाब देऊन पाहावा. अन्ननलिकेच्या बोलण्यात प, ट, क ही अक्षरे उपकारक ठरतात, कारण ती उच्चारताना हवा आपोआप आत ढकलली जाते. ‘काका’, ‘पाट’, ‘टोपी’ अशा शब्दांनी आरंभ करावा. ‘ह’ आणि महाप्राण वर्ण मात्र अवघड जातात. ‘भात’ मागितला तर ‘बात’ ऐकू येईल.

येथे घरच्यांची कसोटी असते. पाटी-पेन्सिल पहिल्या दिवसांत ठीक. ती कायमची झाली की माणूस बोलण्याचा प्रयत्नच सोडतो. दूरदर्शन बंद करावे, त्यांच्या तोंडाकडे पाहून ऐकावे, आणि त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. छिद्रावर पातळ कापड असावे. स्नान करताना तेथे पाणी जाऊ देऊ नये, आणि तापीत पोहणे अर्थातच बंद.