तलावाकाठची तार

अमेरिकेत घरामागच्या जुन्या जलतरण तलावाचे नूतनीकरण निघाले की मालकाचे सारे लक्ष नव्या टाइल्स, नवा गिलावा आणि फरशीचा रंग यांत गुंतलेले असते. परंतु जुनी फरशी फोडून माती उघडी पडल्यापासून नवे काँक्रीट ओतले जाईपर्यंतच्या मोजक्या दिवसांत विजेचे जे काम उरकावे लागते, ते एकदा झाकले गेले की पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. या कामाला ‘बाँडिंग’ म्हणतात. तलावाचा सांगाडा, दिव्याचे कवच, शिडी, पंपाची मोटर आणि काठाची जमीन तांब्याने एकमेकांशी जोडून त्यांच्यात विभवांतर, म्हणजे विद्युतदाबाचा फरक, शक्य तितका कमी ठेवणे हा त्याचा हेतू असतो. अर्थिंगचेच हे दुसरे नाव असावे, हा समज चुकीचा आहे. उपकरणाच्या अर्थिंगची तार बिघाडाच्या प्रवाहाला परतीची सोपी वाट देते आणि त्यामुळे ब्रेकर पडतो. बाँडिंगची तार मात्र जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत नेण्याची अटच नसते. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याच्या दोन्ही पायांखाली दाब सारखाच असल्यामुळे तो सुखरूप राहतो, आणि पोहणाऱ्यालाही शक्य तितके त्याच अवस्थेत ठेवायचे असते.

जुन्या तलावातली खरी अडचण इथेच आहे, आणि ती काहीशी उफराटी आहे. तेथील वीजवितरणात न्यूट्रल तार जागोजागी जमिनीशी जोडलेली असते आणि घरातल्या अर्थिंगशीही तिचा संबंध असतो. त्यामुळे न्यूट्रलवर पडणारा थोडासा दाब पंपाच्या अर्थिंगमार्गे सांगाड्याच्या सळयांत आणि तेथून पाण्यात पोहोचतो. सळया नीट जोडलेल्या पण काठाची फरशी सुटी, अशी स्थिती असेल तर पाणी एका विभवावर आणि ओली फरशी दुसऱ्या विभवावर राहते, आणि काठावर अनवाणी बसून पाण्यात हात घालणाऱ्याला झिणझिण्या येतात. घराचा मुख्य स्विच बंद केला तरी त्या थांबतीलच असे नाही, कारण न्यूट्रलची जोडणी त्या स्विचने तुटत नाही. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरणही इथे गप्प राहते, कारण हा प्रवाह त्याच्या सर्किटमधून आलेलाच नसतो. अर्धवट बाँडिंग कधी कधी मुळीच नसण्यापेक्षा त्रासदायक ठरते ते असे.

म्हणूनच 1897 साली प्रथम निघालेल्या आणि आता दर तीन वर्षांनी सुधारल्या जाणाऱ्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’च्या 680व्या प्रकरणात तलावाच्या आतल्या भिंतीपासून बाहेर 3 फुटांपर्यंतचा काठ बाँडिंगमध्ये धरला आहे, मग तो फरसबंद असो वा नसो. काँक्रीटमध्ये सळया असतील तर त्या बांधणीच्या तारेने एकमेकींना आवळल्या तरी पुरते. तसे नसेल तर 8 गेजची, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, भरीव उघडी तांब्याची तार भिंतीपासून 18 ते 24 इंच अंतरावर आणि भरावाच्या पृष्ठाखाली 4 ते 6 इंच खोल, तलावाच्या वळणाबरहुकूम फिरवण्याची मुभा आहे. एकच तार मध्यभागी टाकण्यापेक्षा तांब्याची जाळी अंथरणे निःसंशय सरस; मुभा आहे म्हणून तार, हा खर्चाशी केलेला समझोता आहे. पाण्यालाही यातून सूट नाही: किमान 9 चौरस इंच धातूचा पृष्ठभाग पाण्याला लागलेला असावा लागतो. गिलाव्याचा तलाव असेल तर पितळी दिव्याचे कवच ते भागवते. फायबरग्लासच्या तलावात बहुधा वेगळी सोय करावी लागते.

फरशी फोडताना जुनी तार हातोडीखाली तुटते, हे नेहमीचेच. तिचे टोक मातीतून ओढून काढले की हिरवट कीट चढलेले दिसते, आणि मोटरच्या बुडाशी जिथे ती स्क्रूखाली दाबलेली असते तिथे क्लोरीनच्या वाफेने स्क्रूच गंजून बसलेला असतो. वरून घट्ट वाटणारा हा जोड मल्टीमीटरवर मात्र अडखळतो. नवा जोड जमिनीत पुरण्यास मान्यता असलेल्या साधनानेच, उदाहरणार्थ पितळी वा तांब्याच्या क्लॅम्पने, करावा लागतो. स्थानिक निरीक्षक काँक्रीट ओतण्यापूर्वी येतो, जोड हाताने हलवून पाहतो, टेपने अंतर मोजतो आणि मगच काम पुढे जाते. दुहेरी इन्सुलेशनची मोटर बसवली असेल तर तिला बाँडिंगची तार जोडायची नसते. तरीही पुढे साधी मोटर येईल हे धरून तारेचे पुरेसे लांब टोक पंपाजवळ वेटोळे करून ठेवलेले असते, आणि जोडायलाच काही नाही म्हणून ते कापून टाकणारा कारागीर अधूनमधून भेटतोच.