दिसला नाही, म्हणजे नाही का? प्रवाळातले शिकारी मासे मोजताना

‘आपल्याला कळतं, म्हणजे नेमकं काय होतं?’ हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आज आपण पाण्याखाली नेणार आहोत. समुद्रातल्या एखाद्या प्रवाळखडकावर मोठे शिकारी मासे किती आहेत, हे शास्त्रज्ञांना कळतं कसं? मोठे शिकारी म्हणजे मुशी, अर्थात शार्क. हेकरू किंवा गोब्रा, ज्यांना ग्रुपर म्हणतात ते. आणि मोठी तांबोशी. इतर माशांवर जगणारे, अन्नसाखळीच्या वरच्या टोकाचे हे जीव.

ठाणे-डोंबिवलीत बसून ही चौकशी कशाला, असं कोणी विचारेल. प्रवाळ म्हटलं की आपल्याला ऑस्ट्रेलिया आठवतो, पण तो आपल्या मालवणलाही आहे. विजयदुर्गपासून साधारण 105 किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, अँग्रिया बँक नावाचं एक बुडालेलं पठार आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली सुमारे 20 मीटर, त्यावर प्रवाळ. 2019च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या एका मोहिमेने तिथे पाहणी केली. आणि लक्षद्वीप तर सगळंच प्रवाळाचं. अशा जागांना संरक्षण द्यायचं का, तिथे मासेमारी किती चालेल, हे ठरवायची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न असतो: मोठे मासे आहेत किती? आकडा चुकला की निर्णय चुकतो. हे मासे हळू वाढतात, उशिरा वयात येतात. एकदा संपले की पटकन भरून येत नाहीत.

आता मोजायचं कसं? एक मार्ग बंदरावरचा. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरच्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवते. हे काम मोलाचं आहे. पण बंदरावर दिसतो तो मेलेला मासा. मागे किती जिवंत राहिले, हे टोपलीकडे बघून सांगता येत नाही.

म्हणून दुसरा मार्ग, पाण्यात उतरायचं. पाणबुडे शास्त्रज्ञ तळावर टेप अंथरतात, बहुधा 50 मीटरची. तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा पट्टा धरतात आणि सावकाश पोहत जातात. पट्ट्यात दिसलेल्या प्रत्येक माशाची जात आणि अंदाजे लांबी पाटीवर लिहितात. लांबीवरून वजन काढायची सूत्रं प्रत्येक जातीसाठी वेगळी असतात, पण ढोबळ हिशोब असा की लांबी दुप्पट झाली तर वजन जवळजवळ आठपट होतं. म्हणजे बघा, मोठ्या माशाची लांबी अंदाजताना थोडी चूक झाली, तर वजनात ती केवढी फुगेल!

पण खरी अडचण पुढे आहे. समजा, आपण संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर दहा मिनिटं उभे राहिलो आणि समोरून जाणारा प्रत्येक माणूस मोजला. आकडा आला दोन हजार. मग आपण घरी येऊन सांगितलं, ‘पुलावर दोन हजार माणसं उभी होती.’ हे खरं आहे का? नाही. एका क्षणी पुलावर कदाचित दोनशेच असतील. बाकीची वाहती होती, आपण ती साठवली. चालत्या गोष्टीची मोजणी लांबवली की आकडा वाढतो. खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या माशाच्या बाबतीत हे फारसं होत नाही. शार्क मात्र सतत फिरत असतो. शिवाय जिथे माणसाचा त्रास नाही तिथे तो कुतूहलाने पाणबुड्याजवळ येतो, घिरट्या घालतो. जिथे त्याची शिकार होते तिथे तो दुरूनच पळतो. म्हणजे मोजणाराच मोजणीत मिसळला.

याचा परिणाम किती मोठा होतो, ते एका गाजलेल्या उदाहरणावरून कळेल. प्रशांत महासागरात किंगमन नावाचा निर्जन प्रवाळखडक आहे. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या एकूण माशांच्या वजनापैकी सुमारे 85 टक्के वजन वरच्या शिकाऱ्यांचं निघालं. शाळेत आपण अन्नाचा पिरॅमिड शिकतो, खाली रुंद, वर निमुळता. इथे तो उलटा उभा! खाणारे जास्त आणि खाद्य कमी. काहींनी म्हटलं, माणसाचा हात न लागलेला समुद्र असाच असतो. इतरांनी विचारलं, ही समुद्राची स्थिती की पुलावरच्या मोजणीची गंमत?

मग जवळच्याच पाल्मिरा बेटावर वेगळी रीत वापरली. शार्क पकडायचे, खूण लावायची, सोडायचे, पुन्हा पकडायचे. तत्त्व सोपं आहे. समजा, 100 माशांना खूण केली. नंतर पुन्हा 100 पकडले आणि त्यात खुणेचे 10 निघाले. म्हणजे आपले खुणेचे मासे एकूण संख्येच्या दहावा हिस्सा आहेत, एकूण साधारण 1000. प्रत्यक्षात गणित बरंच गुंतागुंतीचं असतं, पण गाभा हाच. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पाल्मिराभोवती ग्रे रीफ जातीचे साधारण 8300 शार्क असावेत असा अंदाज आला, म्हणजे दर चौरस किलोमीटरला एकवीसच्या आसपास. पाणबुड्यांच्या मोजणीवरून वाटत होतं त्यापेक्षा हे फारच कमी.

मग उलटा पिरॅमिड हा निव्वळ भ्रम म्हणायचा का? तेही घाईचं होईल. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा इथे एका खाडीच्या तोंडाशी सुमारे 600 शार्क जमतात, आणि 2016च्या अभ्यासाने त्याचं कारणही दाखवलं: दरवर्षी अंडी घालायला तिथे हजारो ग्रुपर बाहेरून येतात. जेवण बाहेरून येत असेल तर पंगत मोठी बसू शकते. म्हणजे ‘किती’ हा प्रश्न ‘कुठे, कधी आणि किती वेळात’ यापासून सुटा करता येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. दिसलाच नाही, तर? इथे आपल्या परंपरेतला एक विचार फार उपयोगी पडतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैत वेदान्ताने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. पण अट आहे: ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रवाळावरचे शास्त्रज्ञ हीच अट आपल्या पद्धतीने पाळतात. पाणबुड्याऐवजी ते चौकटीला कॅमेरा बांधून तळाशी ठेवतात, समोर आमिषाची पिशवी. तासभर चित्रण चालतं. तोच शार्क दहा वेळा येऊन गेला तर दहा धरत नाहीत. एका चित्रचौकटीत एकाच वेळी जास्तीत जास्त किती दिसले, तोच आकडा घेतात. पुलावरची चूक अशी टाळली. पण एका तासात शार्क आला नाही, म्हणजे तो नाही? ही अंधारातली खोली. म्हणून कॅमेरे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचे. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत 58 देशांतल्या 371 प्रवाळखडकांवर असे कॅमेरे लावले होते. त्यांतल्या जवळपास 20 टक्के खडकांवर एकही शार्क दिसला नाही. इतक्या तासांच्या चित्रणानंतरची ही अनुपलब्धी बरीच ‘योग्य’ म्हणावी लागेल. ती दुर्लक्षित करता येत नाही.

वेळेचा मुद्दा तर आपल्या लक्षद्वीपनेच शिकवला. तिथली मासेमारी दीर्घकाळ मुख्यतः खोल पाण्यातल्या टुनावर चालली, म्हणून खडकांवरच्या मोठ्या माशांवर ताण कमी राहिला. तिथे डॉ. रुचा करकरे आणि सहकाऱ्यांनी एका जातीच्या ग्रुपरचा मेळावा अभ्यासला. एरवी विखुरलेले हे मासे प्रजननासाठी ठरावीक दिवसांत, ठरावीक जागी एकत्र येतात. 2017च्या शोधनिबंधात हेक्टरी सुमारे 3600 मासे अशी दाटी नोंदली आहे. संशोधकांनी नुसती डोकी मोजली नाहीत, वागणूक पाहिली. बहुतेक नर छोटी जागा राखून एकेका मादीची मनधरणी करतात, तर काही मोठे नर मधल्या पाण्यात माद्यांच्या थव्यामागे जातात. चुकीच्या दिवशी गेलो तर यातलं काहीच दिसणार नाही, आणि आपण वहीत ‘ग्रुपर कमी’ असं लिहून परत येऊ.

मंडळी, इथे एक जबाबदारीही येते. मेळाव्याची जागा आणि तिथी ज्ञात झाली की ती अभ्यासकाला कळते तशी गळ टाकणाऱ्यालाही कळते. वर्षभर विखुरलेला मासा दोन-चार दिवसांत एकगठ्ठा सापडतो. लक्षद्वीपच्या त्या मेळाव्यावरही पुढे मासेमारीचा भार आला. अशा वेळी गळ भरभरून येतो आणि वाटतं, मासा भरपूर आहे. आहे तेवढा सगळा एका जागी आलेला असतो, हे ध्यानात येत नाही. म्हणून अशा जागांचं ज्ञान आणि त्यांचं रक्षण स्थानिक मच्छीमारांना बरोबर घेऊनच व्हावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या तो समुद्र पाहणारे तेच.

तेव्हा यापुढे ‘शार्क वाढले’, ‘मासे संपले’ अशी बातमी वाचली, की आपण तीन प्रश्न विचारू. कोणी मोजले आणि कसे? किती वेळ आणि कोणत्या दिवसांत? आणि नसल्याचं म्हणत असतील, तर असते तर दिसले असते का? या तिन्हींची उत्तरं देणारा आकडा जपून ठेवावा. अँग्रिया बँकेसारख्या जागेचं काय करायचं, हे एक दिवस अशाच आकड्यांवर ठरणार आहे.

आजच्यापुरतं इथे थांबू.